बिजागऱ्यांच्या कंपनीतली पंधरा मिनिटं

आमच्या कंपनीत किस्से मुद्दाम कुणी घडवत नाही. लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे ते आपोआप साठतात. कीस निदान शनिवारी झाडून भंगारात जातो, किस्से कुठे जाणार? आम्ही अंबरनाथला बिजागऱ्या बनवतो. मी बदलापूरहून येते आणि अकरा वर्षं डिस्पॅच सांभाळते, म्हणजे खोकी टेम्पोत चढवून घेते आणि उरलेल्या वेळात हे सगळं बघते. फार साठलंय, आज सांगूनच टाकते.

आमचे शेठ उल्हासनगरचे, सिंधी. माणूस मनाचा मोठा, पण कुठल्या सेमिनारला जाऊन आले की आमचे हाल! एकदा सगळ्यांना सकाळी प्राणायाम करायला लावला, एकदा सगळ्यांना पिवळे टी-शर्ट वाटले. मागच्या वर्षी असेच कुठून तरी आले ते थेट कॅन्टीनमध्ये. आमचे घास हातातच.

"कल से सब लोग रोज पंद्रह मिनट कुछ नया सीखेंगे! जो सीखना है सीखो. लंच टाइम पंद्रह मिनट बढ़ा दिया!"

लंच वाढला म्हटल्यावर शिक्षणाची गोडी सगळ्यांना एकदम लागली. भिंतीवर पांढरा बोर्ड आला. आपलं नाव लिहायचं आणि पुढे काय शिकणार ते. कुणी इंग्लिश लिहिलं, कुणी कॉम्प्युटर. पेंट शॉपच्या गावड्यांनी लिहिलं, "झोप."

"गावडे, ये क्या है?"

"शेठ, मला दुपारची झोप येतच नाही," गावडे अगदी गंभीर. "लहानपणापासून राहून गेलंय. शिकतो."

आणि माणूस जिद्दी हो! दोन आठवड्यांत असे तयार झाले की लंच संपल्याचा भोंगा वाजला तरी उठेनात. शेवटी शेठनी बोर्डावर त्यांच्या नावापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, "पास. अब दूसरा सब्जेक्ट लो."

* * *

त्याच बोर्डावर भोईरमामांनी लिहिलं होतं, "बोलायला."

सगळे हसले. भोईरमामा मोरिवलीचे, आमच्या प्रेस शॉपचे सगळ्यात जुने ऑपरेटर. पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसच्या धडधडाटात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचा आवाज असा झालाय की ते घरी जेवायला बसले की भाजी कुठली आहे ते शेजाऱ्यांना कळतं. या माणसाने बोलायला शिकायचं?

मामा हसले नाहीत. "नातीसाटी," म्हणाले.

नात ओवी, सहा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. गेलं वर्षभर ती एका खास शाळेत जातेय, तिथे हातांची भाषा शिकवतात. मामांची सून सुप्रिया तिच्याबरोबर शिकली. आता मायलेकी घरभर हातांनी गप्पा मारतात, हसतात, भांडतातसुद्धा! मामा मध्ये काही विचारायला गेले की ओवी त्यांच्याकडे न बघता आईकडे बघते. मग आई हाताने सांगणार आणि ओवी उत्तर देणार, तेही आईलाच.

"मना यकदा तिच्याशी बोलाचा हाय," मामा म्हणाले. "मदी कोनी नको."

मामांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की मामा मोबाइल स्टीलच्या ग्लासाला टेकवून ठेवायचे आणि व्हिडिओतल्या बाईंसारखे हात हलवायचे. त्यांच्या टेबलावर कुणी गोंगाट केला तर बाकीचे डोळे वटारायचे. खरं तर त्या व्हिडिओला आवाजच नव्हता, पण कॅन्टीनमध्ये शाळा भरल्यासारखं वाटायचं खरं.

* * *

शेठनी स्वतः काय शिकावं? मराठी! कळायची त्यांना सगळी, पण बोलायला लाजायचे. गुरू म्हणून त्यांनी भोईरमामांनाच धरलं. वर्ग भरायचा मामांच्या प्रेसपाशी, मशीन चालू असताना. गुरूची बोली आगरी आणि आवाज मशीनला गप्प बसवणारा. शिष्याने दोन्ही गोष्टी मनापासून उचलल्या.

तीन महिन्यांनी एका सरकारी कचेरीत काम निघालं. कागद घेऊन मी बरोबर होते. खिडकीपाशी पोचल्यावर शेठनी छाती भरून श्वास घेतला आणि गरजले, "काय रं दादूस! कवाशी उबा हाय मी! माजा काम करतंस का नाय?"

अख्खी कचेरी वळून बघायला लागली. मी फाइलमागे तोंड लपवलं. आतले साहेब सावकाश उठले, बाहेर आले, शेठचा हात धरून त्यांना आत घेऊन गेले आणि स्वतःची खुर्ची दिली. साहेब आगरीच निघाले!

"हापिसात कोन आपल्या बोलीत बोलतच नाय हो," त्यांचे डोळे चमकत होते. "गाव कंचा तुमचा?"

"उल्हासनगर," शेठ म्हणाले. "कॅम्प नंबर तीन!"

काम दहा मिनिटांत झालं. चहापाण्यात मात्र पाऊण तास गेला, आणि निघताना साहेबांनी हळदीचं आमंत्रण दिलं ते वेगळंच.

* * *

मी स्कूटर शिकत होते. हसू नका, माझं वय बेचाळीस आहे आणि सायकलसुद्धा येत नव्हती. आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा इम्रान शिकवायचा, कंपनीच्याच आवारात. गेटपासून निघायचं, गोडाऊनला वळसा, मग पेंट शॉप, मग डिस्पॅच, पुन्हा गेट. दीड महिन्यात मी अशी फिरायला लागले की पेंट शॉपची पोरं कडेला उभी राहून शिट्ट्या मारायची. शिकाऊ लायसन्स आलं, हेल्मेट आलं. एके दिवशी इम्रान म्हणाला, "दीदी, आज बाहर चलते हैं. मैं पीछे बैठता हूँ."

गेटबाहेर पडलो. मी एकदम झोकात.

"दीदी, आगे से राइट लो."

मी डावीकडे वळले.

"दीदी, राइट! राइट!"

"अरे, राइट शिकवलंस कधी तू मला?"

आमच्या आवाराला एकही उजवं वळण नाही हे दीड महिन्यात आम्हा दोघांच्या लक्षात आलं नव्हतं! मग काय, पुढचं वळणही डावं, त्याच्या पुढचंही डावं. चौथ्या डाव्या वळणाला समोर ओळखीचं गेट दिसलं. वॉचमनने सलाम ठोकला.

"मॅडम, काय विसरलात का?"

"हो," मी म्हटलं, "उजवीकडे वळायला!"

* * *

आता मामांचा घोटाळा ऐका. आमच्या प्रेस शॉपमध्ये मशीन चालू असली की मामांचा आवाज सोडला तर कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही. त्यामुळे तिथल्या लोकांच्या हातांच्या आपल्या खुणा आहेत, जुन्या, मामांच्याही आधीपासूनच्या. पोटावरून हात गोल फिरवला की शेठ. दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखं केलं की, लांबलंय बुवा. पंजा तीनदा उघडला की पंधरा मिनिटं.

म्हणजे बघा, मामा दिवसातून पंधरा मिनिटं व्हिडिओतली भाषा शिकणार आणि आठ तास प्रेस शॉपची बोलणार! घरी गेल्यावर हातातून कुठली बाहेर पडेल याचा भरवसा नाही. एकदा ओवीला "जेवलीस का?" विचारायला गेले आणि "ऑइल टाकलंस का?" विचारून बसले. ओवी नेहमीसारखी आईकडे बघायला लागली. आईला तरी काय कळणार?

मग एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी मामांना आणि सुप्रियाला समोर बसवलं.

"घरी हिला कोण शिकवतं? मोठ्या बाई वर्गात आल्या की ओवी पोटावरून असा हात फिरवते आणि सगळी मुलं ताठ बसतात. महिनाभर आम्ही सगळे शिक्षक शोधतोय, ही खूण आहे कुठली!"

आम्हाला कंपनीत हे कळलं तेव्हा कॅन्टीनमध्ये हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा तेवढे हसत नव्हते. बाई रागावल्या नव्हत्या, पण जाताना म्हणाल्या होत्या, "आजोबा, ती लहान आहे. तिचा गोंधळ नको व्हायला." मामांनी तेवढंच धरून ठेवलं. उठले आणि बोर्डावरची आपली ओळ तळहाताने पुसून टाकली.

"भोईर, पुसतंस काय?" शेठ ओरडले.

"माज्यामुले पोरीचा नुकसान नको, शेठ."

त्या दिवसापासून त्यांचा मोबाइल खिशातच राहिला. घरीसुद्धा ते ओवीसमोर हात मागे बांधून उभे राहतात, असं सुप्रियाने मला फोनवर सांगितलं. मला फार वाईट वाटलं. बोर्डावरची ती जागा कुणीच भरली नाही.

* * *

दसऱ्याच्या मशीनपूजेला आमच्याकडे सगळ्यांच्या घरची माणसं येतात. मशीनला हळदकुंकू, झेंडूचे हार, मग पेढे. त्या दिवशी सगळी मशीन बंद, त्यामुळे प्रेस शॉपमध्ये भाषण करायची शेठना वर्षातून एकदाच संधी मिळते आणि ते ती वाया घालवत नाहीत. यंदा तर मराठीतून!

"मंडली! शिकाचा कंदी थांबवाचा नाय!"

इथून सुरुवात झाली. अर्धा तास झाला तरी शेठ अजून स्वतःच्या बालपणातच होते. पेढ्यांचं ताट झाकलेलं. गावडे खुर्चीत बसून अभ्यासाला लागले होते. मामा आपल्या प्रेसपाशी उभे, हात मागे बांधलेले. समोर, पार दुसऱ्या टोकाला, सुप्रियाच्या मांडीवर ओवी बसली होती आणि ताटाकडे बघत होती.

मग तिने मान वर केली. आईकडे बघितलं नाही. थेट मामांकडे बघितलं, पोटावरून हात गोल फिरवला आणि दोन्ही हातांनी रबर ताणलं, हात पुरतील तितकं लांब.

प्रेस शॉपच्या सगळ्या माणसांचे खांदे हलायला लागले. मामा क्षणभर तसेच उभे. मग मागचे हात सुटले. एक पंजा वर आला आणि उघडला. एकदा, दोनदा, तीनदा.

ओवीने कपाळावर हात मारून घेतला.

सुप्रिया गोंधळली. एकदा लेकीकडे बघते, एकदा सासऱ्यांकडे. शेवटी तिथूनच तिने विचारलं, "बाबा, काय म्हणाली हो ती?"

"काय नाय गो!" मामांचा आवाज असा फुटला की शेठचं भाषण जागच्या जागी थांबलं आणि गावडे दचकून जागे झाले. "आमचा आमचा चाललाय!"