त्केमालीपायी

दारिको फटकळ होती, आणि नवऱ्याच्या हाताखाली दुसरं काही होणं शक्यही नव्हतं. शाल्वा पिऊन आला की हाताला लागेल ते फेकून मारायचा. एकदा तिनेही त्केमाली झोडायची काठी उचलली आणि त्याचं मनगट मोडलं. त्यानंतर मरेपर्यंत तो मांजर होऊन राहिला. गावाने तिला नावं ठेवली. खरं तर बाईने उशीरच केला.

त्केमाली म्हणजे रानातलं आंबट आलुबुखार. आमच्या इमेरेती प्रांतात ते ओढ्याकाठी, कुंपणात, थडग्यांपाशी, कुठेही उगवतं. कच्च्या फळांची, लसूण आणि रानपुदिना घातलेली चटणी नसेल तर पाहुण्यापुढे कोंबडी ठेवायलाही लाज वाटते. दारिको त्यासाठी रान पालथं घालायची. लग्नाच्या वर्षी तिने रानातल्या एका गोडसर झाडाचा फुटवा उपटून आणला आणि कुंपणाला लावला. चुकलं एवढंच, की कुंपणापलीकडे दीर राहत होता.

ग्रामितोन शाल्वाहून वयाने धाकटा, पण रागाने थोरला. झाडाची मुळं त्याच्या द्राक्षमळ्यात शिरली आणि तिथे फुटवे काढायला लागली. भाऊ गेल्यावर त्याला ऊतच आला. एका वसंतात त्याने मुळांवर उकळतं पाणी ओतलं. दारिकोने त्याच्या कोंबड्याची मान मुरगळून तो कुंपणावर टांगला. ग्रामितोनची बायको लामारा तेवढी दोन्हीकडे हात जोडायची, आणि दोन्हीकडच्या शिव्या खायची.

त्या दिवशी दारिको ओढ्यावरून परतत होती. टोपली भरली म्हणून उरलेली फळं तिने डोक्याच्या रुमालात बांधली होती. घराजवळ येताच कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. ग्रामितोन झाड तोडत होता, आणि सणाला घरी आलेला तिचा मुलगा गोचा काठी घेऊन त्याच्यासमोर उभा होता.

"काका, कुऱ्हाड ठेव खाली!"

"आधी झाड, मग तू! बापासारखाच बायकी निघालास!"

गोचाने काठी हाणली. ग्रामितोनचा कान फाटून लोंबायला लागला. कुऱ्हाडीचा दांडा गोचाच्या डाव्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज कुंपणाबाहेर आला. मग ग्रामितोनने पातं वर उचललं.

भांडणाऱ्या पुरुषांमध्ये बाईने डोक्याचा रुमाल टाकला की आमच्याकडे हत्यार खाली जातं. तो ओलांडणारा माणसातून उठला. दारिकोचा हात डोक्याकडे गेला. डोकं उघडं होतं. रुमाल हातात, फळांनी ठासलेला. तिने दातांनी गाठ ओढली. गाठ सुटेना. टोपली टाकून ती धावली आणि गाठोडं तसंच भिरकावलं.

ते ग्रामितोनच्या छातीवर आदळून दोघांच्या मध्ये पडलं. गोचाला वाटलं, आईनेही धोंडा हाणला.

"शाब्बास, आई!"

ग्रामितोनने मात्र खाली पाहिलं आणि त्याला कापड दिसलं.

"वहिनीचा रुमाल..." असं म्हणत त्याने मूठ उघडली. कुऱ्हाड गवतात पडली, आणि गोचाची काठी त्याच्या टाळूवर उतरली.

"थांब! मेल्या, थांब!" दारिको मुलाच्या हाताला लोंबकळली. त्याने तिला झटकलं आणि पडलेल्या माणसावर आणखी दोनदा काठी घातली.

पोलीस आले तेव्हा ग्रामितोनवर चादर घातलेली होती. गोचा आईच्या कानाशी लागला. "कुऱ्हाड त्याच्या हातात होती, एवढंच म्हण. सुटेन मी."

पोलिसाने तेच विचारलं. कुंपणापलीकडे लामारा उभी होती. दारिकोला पोरगा हवा होता. जगात तिचं दुसरं होतं कोण?

"नव्हती हातात," ती म्हणाली.

"आई!"

"गप! मी रुमाल टाकला. जन्माच्या वैऱ्याने त्याचा मान राखला. तू माझ्या पोटचा ना रे?"

गोचाला गाडीत बसवून नेलं. गाडी वळणाआड गेली, आणि दारिको आपलं कपाळ दगडी पायरीवर आपटायला लागली. जमलेली माणसं नुसती बघत राहिली. कुंपण ओलांडून लामाराच धावत आली आणि तिने दारिकोचं रक्ताळलेलं डोकं छातीशी आवळून धरलं.