परमुलखातली ताटं आणि आमची फिटिंग टीम

साइटवरून परत येताना पेटीतला एखादा पाना हरवलेला असतोच. किस्सा मात्र आजवर एकही हरवला नाही! उलट दौंडच्या प्लॅटफॉर्मवर उतरेपर्यंत एकाचे दोन झालेले असतात. वर्कशॉपमध्ये चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "ते मुंग्यांचं सांग की रं!" आणि मग ग्राइंडर बंद.

आमचं काम दूध थंड ठेवायच्या टाक्या बसवायचं. शिरूर बायपासच्या वर्कशॉपमध्ये टाकी बनते, ट्रकनं पुढं जाते आणि मागून आम्ही चौघं रेल्वेनं. मांडवगण फराट्याचे आप्पा वेल्डिंगला, ते सगळ्यांत सीनियर. कवठे येमाईचा गणेश, गोठ्यातच वाढलेला. इलेक्ट्रिशियन बिरंची मूळचा ओडिशाचा, पण "व्हय की" आमच्यापेक्षा झोकात म्हणतो. आणि फिटर मी, दौंडचा सतीश.

आप्पांचा एकच नियम. "ज्याच्या गावात टाकी बसवायची, त्याच्या हातचं खायचं. डबा काढायचा न्हाई!" इतक्या राज्यांत फिरलो, पण शिरूरच्या लोकांनी ताट परत पाठवलं असं कुणी म्हणणार नाही. खरं सांगतो, टाक्यांपेक्षा आम्हाला याचाच अभिमान जास्त!

* * *

केरळात पहिल्याच दिवशी हॉटेलात बसलो. वेटरनं ग्लासात पाणी ओतलं, तर पाणी लालसर! वर गरम.

आप्पांनी ग्लास उजेडाला धरून पाहिला. वेल्डरची नजर! म्हणाले, "पायपाला गंज धरलाय. बिचाऱ्याला ठावं न्हाई." आणि उठून पाण्याची टाकी शोधत हॉटेलच्या मागं गेले.

मालक धावत आला. त्यानं मोडक्या हिंदीत समजावलं, की हे औषधी लाकडाच्या ढलप्या टाकून उकळलेलं पाणी, इकडं घरोघरी हेच पितात.

आप्पा परत आले, ग्लास एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "तरी पण एक जॉइंट लीक हाय त्याचा."

होता! जेवण झाल्यावर आप्पांनी तो नीट करून दिला.

* * *

गणेशची बढाई अशी, की एका घोटात दूध कुठल्या जनावराचं ते सांगतो. कच्छमध्ये एका आजोबांच्या अंगणात चहा आला. गणेशनं घोट घेतला, डोळे मिटले.

"गाय. जर्सी न्हाई. देशी. खारट लागतंय, म्हंजी हितल्या चाऱ्यात मीठ हाय."

आजोबा गालात हसले, त्याचा हात धरून त्याला घरामागं घेऊन गेले. तिथं उंटीण रवंथ करत बसली होती!

आम्ही हसून हसून लोळायचे बाकी. गणेशनं मात्र तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "पण देशी हाय का न्हाई?"

* * *

बस्तरच्या आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात एक लालसर चटणी मिळाली. आंबट, झणझणीत, जीभ चुरचुरवणारी. गणेशनं द्रोण संपवला, दुसरा घेतला, तोही संपवला आणि मग विकणाऱ्या बाईला विचारलं, "मावशी, ये काहे की है?"

"चींटी की. लाल चींटी."

गणेशनं रिकाम्या द्रोणात वाकून बघितलं. आम्ही त्याच्या तोंडाकडं बघतोय. आता धावतो का काय नळाकडं?

"आन् माझी बायको," तो हळहळत म्हणाला, "साखरेच्या डब्यातल्या मुंग्या उन्हात ठिवून हाकलून लावती!"

* * *

सिक्कीममध्ये डेअरीच्या सेक्रेटरीनं सकाळी प्रत्येकाच्या हातावर वाळवलेल्या चीजचा एकेक पांढरा तुकडा ठेवला. खडकासारखा! चावायचा नाही, सुपारीसारखा गालात धरायचा म्हणे. आम्ही हळूच खिशात टाकले. आप्पांनी नियमाप्रमाणे तोंडात टाकला.

दुपारी मांडवगणहून वहिनींचा फोन. "आवो, तोंडात काय हाय? बोलणं कळंना."

"नाष्टा!"

"आन् जेवला कवा?"

"नाष्टा झाला की जेवतो!"

* * *

ओडिशाची साइट आली तेव्हा बिरंची आठवडाभर आधी नुसता उडत होता. त्याचं गाव साइटपासून जवळ. "आईच्या हातचं जेवायला यायचंच," हे तो दिवसातून किती वेळा म्हणाला!

मे महिन्यातला उन्हाचा कडाका. आम्ही घरी पोचलो. आईनं अंगण सारवलं होतं. चार पाट, पुढं काशाचे वाडगे. वाडग्यात रात्रीचा भात, पाण्यात भिजवून आंबवलेला. वर दही. बाजूला तळलेली वांगी, वड्यांचा चुरा, कांदा, मिरची.

गणेश माझ्या कानात कुजबुजला, "शिळा भात दिलाय की रं पाव्हण्यांला!"

कुजबुज जरा मोठी झाली. आणि बिरंचीला आता मराठी सगळं कळतं.

त्याचा चेहराच उतरला. मान खाली. आई दारात पदर धरून उभी, कोण काय बोललं ते तिला कळेना. पण मुलाचं तोंड तिनं पाहिलं. मला वाटलं, इतक्या वर्षांची दोस्ती या एका वाक्यावर तुटते आता.

आप्पांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, तोंडाला लावला, आंबूस पाणी घटाघटा प्यायले. बुक्कीनं कांदा फोडला. भाताचा मोठा घास घेतला आणि सरळ आईशीच मराठीत बोलले.

"माय, आमची आई रातच्या भाकरीचा ताकात काला करायची. त्यो खाऊन रानात गेलं की ऊन लागायचं न्हाई बगा. तिच्यामागं आज पयल्यांदा तसं जेवलो."

बिरंचीनं डोळे पुसत आईला उडियात सांगितलं. बरंच लांबलचक सांगितलं. आई खुदकन हसली आणि पातेलं घेऊन आली ती थेट गणेशपुढं. त्याचा वाडगा काठोकाठ भरला. त्यानं कसाबसा संपवला, की पुन्हा भरला!

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस रे आईला?"

"सांगितलं, गणेशला लई आवडलंय, पण मागायला लाजतोय!"

* * *

हिमाचलात दरड कोसळून रस्ता बंद झाला. टाकीचा ट्रक खाली अडकलेला, आम्ही वर एका गावात. बस थांबते तिथं विमलादीदींचा ढाबा, दिवसभर तिथंच बसून. दीदी सिड्डू खायला घालायच्या. गव्हाची फुगीर वाफवलेली पोळी म्हणा, आत अक्रोडाचं सारण, वरून तुपाची धार. आप्पांना पहिल्याच घासाला नागपंचमीची दिंडं आठवली!

पण नुसतं बसून खायची त्यांना लाज वाटायला लागली. एके दिवशी आत गेले. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तव्यावर भाजून घेतले, मीठ टाकलं आणि दीदींच्या पाट्यावर ठेचा रगडला. सगळा ढाबा खोकायला लागला.

दीदींनी बोटावर घेऊन चाखला. डोळ्यांत पाणी. तांब्याभर पाणी प्यायल्या. आणि परत बोट घातलं!

"कहाँ का है ये?"

"शिरूर का!" आप्पा छाती काढून म्हणाले.

रस्ता उघडला, टाकी बसली, आम्ही परत आलो.

पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगला गेलो. बसमधून उतरलो ते भुकेजलेले, सरळ ढाब्यावर. गर्दी इतकी, की दीदींचं आमच्याकडं लक्षच नाही. कसेबसे कोपऱ्यात बसलो. शेजारच्या टेबलावर एक पहाडी ड्रायव्हर. तो ओरडला, "दीदी, सिड्डू के साथ शिरूर लाना!"

आम्ही चौघं एकमेकांकडं बघायला लागलो. गणेश तर अर्धा उठलाच, म्हणाला, "आपल्याकडचं कोण आलंय?"

पोळीसोबत स्टीलची वाटी आली. वाटीत हिरवंगार. ड्रायव्हरनं घास बुडवला, खाल्ला, तोंड वाकडं केलं.

"क्या दीदी! आज शिरूर तीखा ही नहीं है!"

आप्पा उठले. बाह्या वर केल्या, हात धुतले आणि सरळ आत गेले.