विरजणाची बाटली

माझ्या नणंदेला कामावर सगळे घार म्हणत. मत्स्यबीज केंद्रातली खाद्याची खोली बावीस वर्षं तिच्या हातात होती. पाण्यातला टाचणीच्या टोकाएवढा जीव ती उभ्या उभ्या ओळखायची. मलाही तिथे तिनेच चिकटवलं. उपकार केले, आणि दिवसातून दोनदा ऐकवलेही. राहायची आमच्याकडेच, त्यामुळे घरीही सुटका नव्हती.

नुकत्या जन्मलेल्या माशांचं तोंड इवलंसं. त्यांना धुळीसारखे बारीक जीव लागतात, आणि त्या बारक्यांना शेवाळाचं हिरवं पाणी. त्या बारक्या जिवांचं विरजण एका बाटलीत असे. रोज त्यातलंच थोडं थोडं सगळ्या टाक्यांत जाई. पलीकडच्या हौदात मोठ्या माशांसाठी पाणपिसवा होत्या. त्या महाखादाड. एक मादी जरी बाटलीत शिरली, तरी नराशिवाय वीत सुटते, हिरवं पाणी फस्त करते आणि बारके उपाशी मरतात. म्हणून दोन्हीकडची जाळी वेगळी ठेवलेली.

घारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं नाव काढू द्यायची नाही. हे फक्त मला माहीत. रोज सकाळी ती बाटली खिडकीशी धरायची आणि हळूच विचारायची, "बघ गं, काही हलतंय का?"

"नाही ताई, साफ आहे," मी सांगायची. तेव्हा खरंच साफ असायची.

मग साहेबांनी सांगितलं, पुढच्या महिन्यापासून या खोलीत एकच बाई राहील. घार हसली. मला म्हणाली, "तू बस आता घरी. स्वयंपाक तरी धड शीक."

दुसऱ्याच दिवशी तिने चुकून हौदातलं जाळं बाटलीत बुडवलं. मी पाहिलं. सकाळी बाटलीत एक पिसू टुणटुण उड्या मारत होती, पोटात अंडी घेऊन.

"बघ गं, काही हलतंय का?"

"नाही ताई, साफ आहे."

वाईट वाटलं का? वाटलं. पण नोकरी गेल्यावर वाटलं असतं, त्याहून कमीच. पुढेही ती रोज विचारत राहिली आणि मी रोज साफ सांगत राहिले.

पंधरा दिवसांत टाक्यांतला हिरवा रंग गेला. पिल्लं तळाशी पांढरी पडली, हजारोंनी. साहेबांनी बाटली तिच्या नाकासमोर धरली. आत पिसवांचा नुसता बुजबुजाट.

"काय दिसतंय, बाई?"

तिने मान माझ्याकडे वळवली. मी काचा पुसत होते.

"साफ आहे साहेब," ती म्हणाली.

दुपारीच तिला घरी पाठवलं.

आता खोली माझी आहे. काल जेवताना तिने विचारलं, "त्या सकाळी पिसू होती ना गं बाटलीत?"

"होती," मी म्हटलं.

 तिने चाचपडत ताट माझ्याकडे सरकवलं.

"भात वाढ," म्हणाली.