रांगेतला फोन

किन्हीराजा गावच्या वर्षाराणीचा नवरा मस्कतला क्रेन चालवतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दोघांचा संसार नेमका कुठे चालतो, ते कुणालाच ठाऊक नाही. तो किन्हीराजात चालत नाही आणि मस्कतातही नाही. तो चालतो हैदराबादच्या विमानतळावर, पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबांपुढच्या रांगेत. हसू नका, आधी ऐकून घ्या.

तिचा नवरा गणेश वर्षातून एकदा महिनाभर घरी येतो आणि आल्या दिवसापासून सगळ्या गावाचा होतो. सकाळी त्याचे वडील जानराव त्याला शेत दाखवायला नेतात, जणू शेत वर्षभरात कुठे पळून गेलं होतं. दुपारी मित्र येऊन बसतात ते उठायचं नाव घेत नाहीत. संध्याकाळी त्याची आई, पंचफुलाबाई, ताटाजवळ ठाण मांडते आणि पोरगा नको नको म्हणेस्तोवर वाढत राहते. रात्री गणेश-वर्षाराणीची लेक राखी दोघांच्या मधोमध आडवी. बाप इतक्या दिवसांनी मिळालाय, सोडते थोडीच!

मस्कतहून रोज व्हिडिओ कॉल येतो, ती तर ग्रामसभाच. फोन मांडणीवरच्या डब्याला टेकवायचा आणि सगळ्यांनी समोर बसायचं. वर्षाराणी मागे उभी. तिच्या वाट्याला "जेवली का?" एवढं येतं. ती "हो जी" म्हणते. झाला संसार.

फक्त परत जायच्या वेळी गंमत होते. वाशिम स्टेशनवर सगळ्यांचं रडून-भेटून झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी गणेश हैदराबादला त्या लांबलचक रांगेत उभा राहतो. सोबत मस्कतला निघालेली पोरं पुढे-मागे पांगलेली. इकडे सासू-सासरे शेतात, राखी शाळेत. उभ्या उभ्या कंटाळा येतो, मग तो घरी फोन लावतो.

"लाईन लय मोठी हाय वं. बोल काई."

आणि मग, देवा रे, काय बोलतात ती दोघं! लग्नाला आठ वर्षं झाली, पण घरात जे कधी बोलली नाहीत ते सगळं त्या रांगेत बोलली. एकदा त्याने विचारलं, "मी पाहाले आलो तवा तुले आवडलो होतो का?" ती म्हणाली, "नाक नोतं आवडलं." तो असा खदखदून हसला, की पुढच्या माणसाने वळून पाहिलं म्हणे. साहेबाची खिडकी जवळ आली की तो आवाज बारीक करून म्हणायचा, "करमत नाई वं तिकडं." त्या एका वाक्यावर वर्षाराणी वर्ष काढायची.

पण येतानाच्या रांगेचा तिला भारी राग. पहाटे विमान उतरतं, रांगेत वेळ जातो आणि वाशिमची सकाळची गाडी निघून जाते. सुट्टीतला एक अख्खा दिवस हैदराबादेत वाया! ज्याला वर्षातून महिनाच मिळतो, त्याला विचारा एका दिवसाची किंमत.

म्हणून सरकारची नवीन सोय तिच्या फोनवर दिसली, तेव्हा ती हरखलीच. एकदा ऑनलाइन अर्ज करायचा, सरकार तपासून मंजुरी देतं. मग विमानतळावर रांगेत उभं राहायचं काम नाही. वेगळ्या गेटावर पासपोर्ट ठेवा, चेहरा दाखवा, गेट आपोआप उघडतं. वर्षाराणी बारावी झालेली, हात धुऊन मागे लागली. पासपोर्टची प्रत टाकली, पत्त्याचा पुरावा टाकला. गणेशच्या इकडच्या नंबरचं सिम तिच्याच फोनमध्ये होतं, म्हणून ओटीपीची अडचण नव्हती. फोटो मात्र नापास होऊन परत यायचा. ती स्लॅबवर चढून, नेटवर्क धरून पुन्हा पाठवायची. जानराव म्हणाले, "फुकट हाय म्हंतेस? मंग कायतरी फसवाफसवी आसन." तिने ऐकलं नाही.

मंजुरीचा मेसेज आला तशी तिने भरदुपारी मस्कतला फोन लावला. "अजी, झालं ते! येतानी इमानतळावरच बोटाचे ठसे द्याचे, चेहरा द्याचा, का पाच वर्षं मोकळे!"

 गणेश एवढंच म्हणाला, "बरं झालं." तिला वाटलं, कामात असेल.

आणि खरोखर, या वेळी तो त्याच दिवशीच्या गाडीने घरी आला. एक दिवस वाचला! तो वाचलेला दिवस कुठे गेला म्हणाल, तर शिरपूरच्या आत्याकडे. आत्या रुसली असती ना.

त्या महिन्यात वर्षाराणीच्या मनात एकच गोष्ट होती. याला आता परत बोलवायचं, कायमचं. इथे काय यंत्रं नाहीत चालवायला? रस्त्यांची कामं काय कमी आहेत? ओठावर यायचं आणि कुणीतरी चहा मागायचं. ती स्वतःची समजूत घालायची, "राहू दे, लाईनीत बोलू." रांगेत निवांत बोलता येतं, तिथे मधे कुणी येत नाही.

गणेश निघाला. दुसऱ्या दिवशी तिने कामं उरकली आणि फोन घेऊन दारातल्या बाजेवर बसली. काय बोलायचं ते मनात नीट लावून ठेवलं होतं. फोन आला.

"पोचलो वं. का करून राह्यली?"

ती नेहमीसारखी इकडच्या तिकडच्या गोष्टींपासून सुरू झाली. जड बोलणं रांग थोडी सरकल्यावर यायचं, अशी त्यांची रीतच होती. "काई नाई जी. राखीचा खोकला थोडा कमी—"

"अवं थांब, थांब. इथं तं लाईनच नाई! गेट उघडलं बी. ठेवतो."

फोन बंद.

अगं बाई! हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या गेटाने माणूस लवकर येतो, त्याच गेटाने तो लवकर जातोही. तिने आपल्या हाताने अर्ज करून आपलीच रांग मोडली होती. तिला रडू फुटलं, ते तासभर थांबेना. मग स्वतःचाच असा राग आला, की तिने डोळे पुसले आणि फोन लावला. विमानतळावर असताना तिने त्याला आजवर कधी फोन केला नव्हता.

एव्हाना सोबतची पोरंही रांगेतून सुटून आली होती, मागे त्यांचा हसण्या-खिदळण्याचा आवाज येत होता. सगळे विमानाची वाट पाहत एकत्र बसले होते.

"का झालं वं? लवकर बोल, सारे हायेत इथं."

"असू द्या सारे. मले नाई करमत जी. पुरे झालं ते मस्कत. घरी या आता, कायमचे या."

 पलीकडे हसण्याचे आवाज हळूहळू लांब गेले. तो उठून बाजूला गेला होता.

"हे घरी काहून नाई बोलली?"

"घरी तुमी कवा माह्ये होते?"

 तो म्हणाला, "सुट्टीच्या आंदी कंपनीनं विचारलं होतं, राह्यता का घरी जाता. घरी जाचं म्हनून ठरवलं होतं वं मी. त्याच हप्त्यात तुहा फोन आला. पाच वर्षं मोकळे म्हनली, लय खुशीत होती. मले वाटलं, तुले मी तिकडंच बरा. कंपनीच्या कागदावर सही करून टाकली."

"अजी, येनं लवकर व्हावं म्हनून केलं मी ते! जान्यासाठी केलं का?"

"मले कसं समजावं?"

"किती वर्षांची केली सही?"

"दोन."

विमानात चढायचा पुकारा झाला. "मलेही लय आठवन येते वं," तो घाईघाईने म्हणाला आणि फोन कटला.

पंचफुलाबाई शेतातून येऊन दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. डोक्यावर हरभऱ्याचे डहाळे तसेच. पूर्वीची वेळ असती तर वर्षाराणीने डोळे पुसून आत चहा ठेवायला धाव घेतली असती. आज ती उठली नाही.

"गणेश होता का? का म्हने?"

"दोन वर्षं आनखी म्हने."

"अन् तू का म्हनली?"

"मी म्हनलं, मले करमत नाई."

म्हातारीने डहाळे खाली टाकले. सुनेच्या बाजूला बाजेवर टेकली आणि पदराने तोंड पुसता पुसता म्हणाली, "मलेही नाई करमत वं. मी तं कदी म्हनलंच नाई त्याले."