नळावरची साक्ष

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत पोलिसाशी खरं बोलायचं नाही, हा नियम कुणी घालून दिला होता ते मला ठाऊक नाही. पण तो पाळायचे सगळे. गल्लीत गुन्हेगार एकही नव्हता. तरीही खाकी दिसली की प्रत्येकाच्या अंगात एक नट संचारायचा. या नियमापायी शेजारच्या भाभीचं नागरिकत्व एका दुपारी बुडता बुडता राहिलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या ओट्यावर, म्हणजे अगदी पहिल्या रांगेत बसले होते.

भाभीचे वडील मूळचे याच शेजारच्या घरातले. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर ते कराचीला गेले आणि मागे राहिलेल्या बहिणीला सांगून गेले, की मुलगी झाली तर तुझ्याच घरात देईन. त्यांनी शब्द पाळला. भाभी लग्न होऊन आली ती कराचीच्या पासपोर्टावर. पुढे तिला दोन मुलं झाली, ती हिंदुस्थानी. नवरा, सासू, अंगणातली बकरी, सगळे हिंदुस्थानी. त्या घरात परदेशी काय ती एकटी भाभी. तिची नणंद खुलताबादला दिलेली. बसने डोंगर चढला की पोचलं. पण तिथं एक रात्र राहायची तर आधी पोलिसांच्या कचेरीत जाऊन परवानगी काढायची. शेवटी नणंदच डबा घेऊन इकडे यायची.

इथल्या माणसाशी लग्न करून ठरलेली वर्षं इथं सलग काढली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भाभीने ती काढली, अर्ज केला आणि चौकशी होणार असं कळल्यापासून दारात कोण येतंय ते बघत बसली. चौकशीत काही वेडंवाकडं निघालं तर अर्ज तर जाईलच. पण मुक्कामाची मुदत पुढे वाढवून मिळेल की मुलं इथं सोडून परत जावं लागेल, हेही सांगता येत नव्हतं.

गल्लीत तिची वैरीण एकच: कोपऱ्यावरची काकू. नळाला पाणी एक दिवसाआड, आणि भाभीची घागर कायम काकूच्या पुढे. भांडण रंगात आलं की काकू म्हणायची, "थांब, पोलिसात सांगते!" त्यासरशी भाभी मान खाली घालून घरात जायची. अगदी गाणं चालू असताना वीज गेल्यासारखं.

तर त्या दुपारी साध्या कपड्यातले एक जमादार आले आणि नेमके आमच्याच ओट्याशी थांबले. आईला म्हणाले, "बाई, या शेजारच्या घरातली सून कुठली?"

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली, साध्या कपड्यांखालचे तपकिरी बूट बघितले आणि खाकी ओळखली.

"कुठली म्हंजे? इथलीच. जन्मच इथला."

"तुम्हाला काय माहीत?"

"अहो, तिच्या बारशाच्या घुगऱ्या मीच वाटल्या की!"

"मुसलमानाच्या घरी बारसं?"

"आमच्या गल्लीत सगळ्यांचंच होतं."

समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. तो भाभीपेक्षा चांगला पाच-सहा वर्षांनी धाकटा. तो म्हणाला, "व्हय साहेब, लहानपणी तिचे फ्रॉक मीच शिवायचो."

जमादारांनी पेन्सिल खाली केली. "म्हंजे बाई जन्मानंच इथल्या. मग त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज कशाला केला? एक तर अर्ज खोटा, नाय तर तुम्ही. काय लिहू?"

आईच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. एवढ्यात भाभी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"खाला, ये क्या करे तुम?" ती आईला एवढंच म्हणाली.

आईने स्वतः कप उचलून जमादारांच्या हातात दिला. ते दोन घोट प्यायल्यावर म्हणाली, "साहेब, खरं सांगू? ती कराचीची."

"आणि मघाशी?"

"मघाशी तुम्ही पोलीस होता."

"आता?"

"आता चहा घेतलात ना."

जमादार हसले, पण पेन्सिल काही हलेना. "बाई, तुमचं आता मी काय खरं मानू? ही सलग इथंच राहिली, मधे कुठं गेली नाय, हे कोण सांगणार? तुम्ही तर सगळे तिच्या बाजूचे."

"मी नाय तिच्या बाजूची."

कोपऱ्यावरची काकू. पदर खोचून, पाण्याच्या दिवशी यायची तशीच आली. भाभीचा चेहरा पांढरा पडला.

"ही बाई मला लई तरास देते," काकू म्हणाली. "लग्न होऊन आली तवापासून पाण्याचा एक दिवस चुकली नाय. एकदा, एकदा तरी म्हायेरी गेली असती, तर माझी घागर पहिली लागली असती की नाय? पोटुशी होती तरी नळावर. तापात नळावर. तिचा बाप तिकडं वारला, तार आली, तरी गेली नाय. दुसऱ्या दिवशी घागर घेऊन हजर." मग जरा थांबून, जमादारांकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी मीच तिची घागर पुढं लावली."

जमादारांनी टोपी नसताना टोपी सारखी केली आणि बराच वेळ लिहीत राहिले. जाताना आईला म्हणाले, "घुगऱ्यांचं तेवढं लिहीत नाय."

कागद पुढं सरकायला बरेच महिने लागले. शेवटी कलेक्टर कचेरीत शपथ झाली आणि भाभीने प्रमाणपत्र सासूच्या मांडीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली आणि कुणालाही न विचारता खुलताबादची बस पकडली. नणंदेकडे चांगले दोन दिवस राहिली. पहिल्या रात्री झोपच आली नाही म्हणे. कुणीतरी विचारायला येईल असं वाटत राहिलं.

परत आली तो पाण्याचा दिवस होता. काकूची घागर पहिली लागलेली. भाभीने पिशवी ओट्यावर टाकली आणि सरळ नळावर गेली.

"काकू, घागर हटाव."

"नाय हटवत. जास्त बोललीस तर पोलिसात सांगते!"

सवयीने भाभीची मान खाली गेली. मग हळूच वर आली.

"सांगा ना. चला, रिक्षा मीच करते."

शिंप्याने मशीन थांबवलं. काकूने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. काकूच्या तोंडावर एवढा आनंद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"आत्ता कशी!" ती पदर खोचत म्हणाली. "बोल, काय म्हणणं हाय तुझं?"

ते भांडण नळाचं पाणी जाईपर्यंत चाललं. दोन्ही घागरी रिकाम्या राहिल्या, आणि दोघींनी पाणी आमच्याकडून नेलं.