मुलाणी सिस्टर आणि चिकाचे थेंब

गरोदर बाईबरोबर सासू, नणंद, जाऊ, कुणीही आलेलं असलं की मुलाणी सिस्टर केसपेपर उलटसुलट करून बघायच्या आणि त्या सोबतिणीच्या हातात द्यायच्या. "मावशी, ह्याच्यावर शिक्का न्हाई. जावा, तेवढा मारून आणा." शिक्क्याची खिडकी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होती आणि त्या शिक्क्याची कुणालाच गरज नव्हती. खिडकीतल्या क्लार्कला हे माहीत होतं, तो मुद्दाम सावकाश मारायचा. मावशी परत येईपर्यंत सिस्टर त्या मुलीला पडद्याआड घेऊन दोन प्रश्न विचारायच्या. याआधी कधी दिवस राहिले होते का? बाळ वेळेआधी झालं होतं का? उत्तर मिळालं तरी तेच दोन प्रश्न पुन्हा विचारायच्या. "खरं सांग गं बाय. हितनं भायेर जाणार न्हाई."

ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती माझ्यामुळे लागली, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते.

सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी नर्स म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर कामाला. पगाराची नोकरी करणारी घरातली मी पहिलीच. मुलाणी सिस्टर बाळंतपणाच्या वॉर्डच्या इन्चार्ज होत्या. मलकापुरातून रोज एसटीने यायच्या. उंच, रुंद खांद्यांच्या, बोलायला फटकळ. पण कुठल्याही बाईला हात लावण्याआधी गरम पाण्याखाली हात धरून उभ्या राहायच्या. थंड हातानं बाई आखडते, म्हणायच्या.

ज्यांना गरोदरपणात साखर असते त्यांच्या बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते, आणि आईला पान्हा यायला वेळ लागतो. म्हणून अशा बायकांना सदतिसावा आठवडा लागला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की सिस्टर हाताने चीक, म्हणजे बाळंतपणाआधीच येणारं पहिलं घट्ट दूध, काढायला शिकवायच्या. पांढऱ्या मोज्यात कापूस भरून त्यांनी एक स्तन शिवला होता. अंगठा इथं, बोटं इथं, आधी छातीकडं दाबायचं, मग जवळ आणायचं, कातडीवर घसरायचं नाही. निघालेले थेंब चमच्यात घ्यायचे, बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढायचे, टोपण लावून तारीख लिहायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायचे.

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीने विचारलं, "म्हशीगत पिळायचं व्हय?"

"म्हशीला जोर लावलास तर ती लाथ मारती," सिस्टर म्हणाल्या. "तू कुणाला मारणार? धार काढायची न्हाई, थेंब काढायचा. आणि पोट कडक झालं की हात बाजूला. मग मला फोन, नवऱ्याला न्हाई."

त्या सोमवारी ओपीडीत उभं राहायला जागा नव्हती. एक मुलगी आली. तिचं नाव आणि गाव मी इथेही लिहिणार नाही. साखर होती, इन्सुलिन चालू होतं, सदतिसावा नुकताच लागला होता. शेजारी सासू, मांडीवर फाइल घेऊन. सिस्टर बाजूच्या बाकावर दुसऱ्या एकीला मोज्यावर शिकवत होत्या. शिकवण्याआधी भरायचा फॉर्म माझ्याकडे होता. मी मान वर न करता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "याआधी बाळंतपण? वेळेआधी झालेलं?"

"पयलंच हाय तिचं," सासू म्हणाली.

मुलगी म्हणाली, "न्हाई." मी 'नाही'वर खूण केली. खाली सिस्टरांनी सही केली, आणि मग त्या मुलीला शिकवलं. ती फार लवकर शिकली. बाकीच्यांना दोन-दोन दिवस जे जमायचं नाही ते तिला पहिल्या खेपेलाच जमलं. त्याचं आम्हाला कौतुकच वाटलं.

शुक्रवारी दुपारी तिला गाडीत घालून आणलं. कळा सुरू झाल्या होत्या. नवऱ्याच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ आणि तीन सिरिंजा. प्रसूतीच्या टेबलावर तिने सिस्टरांचा हात धरून त्यांना खाली ओढलं आणि कानाशी बोलली. मी पायाशी होते, तरी मला ऐकू आलं.

"सिस्टर, मला आदी एक झालतं. पयल्या घरी. सातव्या म्हैन्यात. दोन दिवस जगलं, त्याच्या तोंडात एक थेंब पडला न्हाई. हितं कुणाला ठावं न्हाई. पोट कालपास्नं कडक येत हुतं, पर मी थांबले न्हाई. ह्याला तरी पोटभर..."

पहिलं लग्न मोडलेलं सासरी माहीत होतं. ते मूल माहीत नव्हतं. माहेरच्यांनी लपवून दुसरं लग्न लावलं होतं. चीक काढताना कळा सुरू होऊ शकतात, म्हणून आधी मुदतीपूर्वी बाळंत झालेल्या बाईला आम्ही असा चीक काढायला कधीच सांगितलं नसतं.

मुलगा झाला. साखर असलेल्या आईच्या बाळाची फुप्फुसं कधी उशिरा तयार होतात; श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत जात होत्या. सिस्टर त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समधून सांगलीला गेल्या, मांडीवर तो डबा घेऊन. तिथे नळीने दूध देता येईना तेव्हा त्याच्या गालाच्या आत दोन थेंब लावले. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, कळा एरवीही आल्या असत्या, चीक काढला म्हणूनच आल्या असं कुणी सांगू शकत नाही. सिस्टर म्हणाल्या, "असंल. पर जे विचारायचं ते नीट विचारलं नव्हतं."

नातेवाइकांनी तक्रार केली, की नर्सने आधीच दूध पिळायला लावलं म्हणून बाळ दगावलं. चौकशीला साहेब आले. सांगलीच्या कागदावर, सिस्टरांनी तिथल्या डॉक्टरांना सांगितल्यावरून, आधीच्या मुदतपूर्व प्रसूतीची नोंद इंग्रजीत होती, आमच्या फॉर्मवर 'नाही'. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "पेशंट खोटं बोलली की तुम्ही विचारलंच नाही? ती खोटं बोलली असेल तर तिला आणि सासरच्यांना बोलावून जबाब घ्यावा लागेल."

मी सिस्टरांच्या मागे उभी होते.

"विचारलंच न्हाई, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "गर्दी हुती. न विचारता खूण केली."

"खूण कुणी केली?"

"सही माझी हाय."

त्यांच्या सेवापुस्तकात शेरा आला. सहा महिने त्यांना बाळंतपणाच्या वॉर्डातून काढून ड्रेसिंगला बसवलं. बाजारात बायका त्यांना बघून पोरं पलीकडच्या कडेवर घ्यायच्या. ड्रेसिंगच्या खोलीत त्या गळवं कापत, पट्ट्या बांधत बसायच्या. मी रोज ठरवायची, आज कार्यालयात जाऊन सांगू, की विचारणारी मी होते. रोज घरचा विचार यायचा आणि मी वरच्या मजल्यावर निघून जायची.

परत वॉर्डात आल्या तेव्हा त्यांनी कपाटातून तो मोजा काढला, धुऊन वाळत घातला आणि पुन्हा शिकवायला सुरुवात केली. मोठे डॉक्टरसुद्धा म्हणाले, सिस्टर, कशाला आता? त्या म्हणाल्या, "चिकात खोट न्हाई, डॉक्टर. आपल्या कानात हाय." शिक्क्याचं नाटक त्या आठवड्यापासून सुरू झालं. त्यानंतरच्या वर्षांत पडद्याआड किती जणींनी काय काय सांगितलं ते मला माहीत नाही. काही जणींना त्या नुसतं पाणी पाजून, न शिकवता परत पाठवायच्या. सासूला सांगायच्या, "हिला गरज न्हाई. घेऊन जावा."

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. मी मलकापूरला गेले ती दुपारची वेळ होती. त्यांच्या सुनेने चहा ठेवला आणि आत गेली. सिस्टरांचा उजवा हात मांडीवर उलटा पडला होता. मी तो सरळ केला आणि इतकी वर्षं तोंडात धरलेलं बोलून टाकलं. "सिस्टर, त्या दिवशी तिच्या सासूसमोर मी विचारलं होतं. तुम्ही माझ्यावरचं घेतलंत."

त्यांचे शब्द आता जड झाले होते, तरी फटकळपणा तसाच होता.

"तुझं कशाला घीन मी? तू तेवीस वर्षांची हुतीस. मी शेजारी बसले हुते. 'न्हाई' म्हणायच्या आदी तिनं सासूकडं बघितलं, ते मी बघितलं. तवाच कळलं मला, कायतरी हाय. तरी म्हटलं, रांग लय मोठी हाय, जाऊ दे. ते माझंच हुतं, पोरी. दुसऱ्याचं न्हवतं."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. "तिचं काय झालं गं? नांदती का? मला चौकशी करता ईना. मी गेले असते तर तिच्या घरी इचारलं असतं, ही सिस्टर कशाला आली. तू तर त्याच भागातली. तुला ठावं असंल."

सिस्टर त्यानंतर महिनाभरात गेल्या. त्या मुलीचं गाव आमच्या गावापासून एसटीने वीस मिनिटांवर आहे, आणि इतक्या वर्षांत मी तिची एकदाही चौकशी केली नव्हती.