पाटावर बसून आलेलं मशीन

चिंचेच्या कोळाने घासलेली एक समई लख्ख होऊन भिंतीशी उभी होती आणि दुसरी अजून काळीकुट्ट वृंदाच्या पुढ्यात होती, तेवढ्यात दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. वृंदाचे हात थांबले. "गजानना," ती पुटपुटली, "हा टेम्पो शेजारच्या घरी आलेला असू दे."

टेम्पो तिच्याच घरी आलेला होता.

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या त्या घरात टेम्पो आला की काय येतं, हे आख्ख्या आळीला ठाऊक होतं. वृंदाचे यजमान गोपाळराव धाटावच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. माणूस निर्व्यसनी, देवभोळा, शिफ्ट संपली की सरळ घरी. पण व्हिडिओ गेमचं जुनं मशीन दिसलं की त्यांचं भान सुटायचं. नाणं टाकून, उभं राहून खेळायचं ते कपाटाएवढं लाकडी धूड! त्या वर्षांत घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले आणि गावोगावची गेम पार्लरं बंद पडू लागली. गोपाळरावांना ती मशीनं रस्त्यावर आलेली बघवेनात. रोह्याला गॅसचा नंबर लावायला गेले आणि पहिलं मशीन घेऊन आले. गॅसचा नंबर राहिलाच. दुसरं आणलं ते मावसभावाच्या साखरपुड्याहून येताना. ते पडवीत उभं होतं आणि पावसाळ्यात त्यावर ओले टॉवेल वाळायचे.

दर वेळी संवाद ठरलेला.

"अहो, ठेवणार कुठे?"

"बघू गं. आधी आत तर येऊ दे."

पण आजची गोष्ट निराळी होती. आज ते सकाळच्या एसटीने पेणला गेले होते ते गणपतीचा पाट द्यायला. घराण्याचा फणसाचा पाट दरवर्षी आषाढात पेणच्या दाजींच्या कारखान्यात पोचवायचा आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यावर बसलेली मूर्ती घरी आणायची, ही सासूबाईंच्याही आधीपासूनची रीत. एकदा उंबऱ्याबाहेर पडलेला पाट रिकामा परत आत यायचा नाही, तो गणपती घेऊनच. यंदा गोपाळरावांच्या शिफ्टमुळे आधीच उशीर झाला होता. दाजींनी निरोप धाडला होता, "आज सांजेपर्यंत पाट आला तर ठीक. नायतर यंदा दुसरीकडं बघा."

वृंदा चिंचेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. टेम्पोत दोरखंडाने आवळलेलं एक मशीन उभं होतं आणि गोपाळराव पोराच्या बारशाला पेढे वाटावेत अशा चेहऱ्याने खाली उतरत होते.

"पाट दिलात?"

चेहऱ्यावरचे पेढे संपले. "म्हणजे असं झालं..."

तेवढ्यात समोरची धोंडुबाई टेम्पोपाशी येऊन वाकली होती. तिला कुणाच्याही घरचं सामान आधी स्वतः बघायचं असायचं. "अगो वृंदा," ती ओरडली, "ह्याच्या बुडाखाली काय हाय बघ! तुमचा गणपतीचा पाट नाय गो तो?"

पाटच होता. मशीनचा एक पाय मोडका होता आणि टेम्पोवाल्या जनूने तोल सांभाळायला हाताला लागलं ते खाली सारलं होतं.

"मला काय ठाव वैनी," जनू म्हणाला, "फडक्यात गुंडाळलेली फळी वाटली."

झालं होतं असं. वडखळला एसटी थांबली आणि गोपाळरावांना खिडकीतून दिसलं, की एका हॉटेलवाल्याने मशीन बाहेर पावसात काढून ठेवलंय आणि भंगारवाला त्याच्याशी बोलतोय. पेण पुढे हाकेवर. पण गोपाळराव पाटासकट उतरले. रोह्याकडे रिकामा निघालेला जनू समोरच उभा होता. तो थांबेना, भंगारवाला हटेना. "आणि त्या गडबडीत..." गोपाळराव म्हणाले.

"गडबडीत बाप्पाच्या जागेवर हे बसवलंत!"

"बाय गो," धोंडुबाईने पदर तोंडाला लावला, "आता ह्याचीच आरती करा. नैवेद्याला नाणी टाका."

जनूही हसला. वृंदाला हसू येत नव्हतं. पाट काढायचा तर मशीन उतरवायला हवं, आणि त्याला उचलायला गडी हवेत. आळीतले सगळे शिफ्टला. शिवाय पाट काढून ठेवणार कुठे? रिकामा आत न्यायचा नाही. तिने हात धुतले, देवाजवळची सुपारी आणि अक्षता पुडीत बांधल्या, लुगड्यावर शाल घेतली आणि जनूच्या शेजारी चढून बसली.

"फिरव टेम्पो. पेणला."

"आणि मशीन?" गोपाळरावांनी विचारलं.

"तेही येऊ दे. तुम्ही मागे बसा, त्याला धरून."

नागोठणं गेलं, गडब गेलं. वृंदा मनात अथर्वशीर्ष म्हणत होती आणि मागून दर खड्ड्याला "सावकाश रे जनू, काच आहे!" ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिचं आवर्तन चुकलं आणि तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं.

दाजींच्या कारखान्यात दिवे लागले होते. रांगेने पांढऱ्या मूर्ती, कुणाचे डोळे रेखलेले, कुणाचे अजून नाहीत. दाजी आलेले पाट ठेवायची मागची खोली बंद करायलाच उठले होते. टेम्पो बघून ते थबकले.

"गोपाळराव, पाट मागितला व्हता. हे कपाट कशाला?"

रंगकाम करणाऱ्या गड्यांनी मशीन उतरवलं तेव्हा खालून पाट निघाला. कडेला ग्रीसचा डाग. वृंदाने पदराने तो पुसला, पाटावर सुपारी ठेवली, अक्षता वाहिल्या आणि पाट दाजींच्या हातात दिला. तिच्या छातीवरचा दगड उतरला.

"आमची नेहमीची मूर्ती," ती म्हणाली, "साधी, वीतभर..." आणि तिथेच थांबली.

कोपऱ्यात एक गणपती होता. मांडी घालून निवांत बसलेला, मान किंचित कललेली, जणू कुणाची तरी गंमत ऐकतोय. समोर मांजराएवढा उंदीर, वेगळा घडवलेला, दोन्ही हातांत मोदक. वृंदा जवळ गेली. परत आली. पुन्हा गेली.

"हा कुणाचा?"

"अजून कुणाचा नाय. मोठा हाय वैनी, तुमच्या घरात..."

"हाच द्या."

ती बोलून गेली आणि स्वतःच दचकली. मागे गोपाळराव उभे होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "अगं, ठेवणार कुठे?"

"बघू," वृंदा म्हणाली. "आधी घरी तर येऊ दे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग वृंदाला हसू फुटलं, घरून निघाल्यापासून अडलेलं सगळं एकदम, आणि दाजींना काही कळेना.

"देवाची गोष्ट वेगळी," तिने डोळे पुसत बजावलं.

"वेगळीच की," गोपाळराव म्हणाले.

जागेचं मात्र खरंच अवघड होतं. माजघरातल्या गणपतीच्या कोपऱ्यात फार तर बाप्पा मावला असता. हे तिसरं धूड मुळीच नाही. तोवर एका गड्याने मशीनची वायर बोर्डात खोचली होती. पडदा लुकलुकला, विमानं उडाली, आणि रंगाचे हात घेऊन सगळे गोळा झाले.

"दाजी, राहू दे ना हे इथंच," एक जण म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत खेळू."

गोपाळराव मशीनवर हात फिरवत मोडक्या पायापाशी वाकले. मग म्हणाले, "पाय मी बसवून देतो. पण पुसायचं कोरड्या फडक्याने. आणि मी अधूनमधून बघायला येणार."

"या की. पाट घेऊनच या," दाजी म्हणाले.

मग दाजींनी मूर्तीखाली पाट धरून पाहिला. बाप्पा नेमका मावत होता. पण उंदीर पाटाबाहेर जात होता.

"त्याला जमिनीवर बसवायचं का?" गोपाळरावांनी विचारलं.

"एवढा मोदक घेऊन बसलाय बिचारा," वृंदा म्हणाली, "जमिनीवर कसा बसवायचा?"

घरी आल्यावर तिने राहिलेली समई घासून काढली, दोन्हींत वाती घातल्या आणि देवाला नमस्कार केला. सकाळी तिला सुताराकडे जायचं होतं, उंदरासाठी फणसाचा एक छोटा पाट करून घ्यायला.